यंत्रनौकेची पारख

मुक्ताईनगरहून थोड्याच अंतरावर, चांगदेव गांवाजवळ, पूर्णा नदी तापीला मिळते. मुक्ताईनगरचें जुनें नांव एदलाबाद. या मुलुखाची ख्याति कापूस, केळी आणि मुक्ताबाईचें स्थान यांसाठीं आहे. नौकांसाठीं ती कधींच नव्हती. पुरांत भीति आणि उन्हाळ्यांत वाळवंट, एवढीच नदीची ओळख येथील माणसाला पिढ्यान् पिढ्या होती. परंतु भुसावळ तालुक्यांत हतनूर येथें तापीवर धरण बांधलें गेलें, १९८२ सालीं तें पुरें झालें, आणि त्याच्या ४१ दरवाजांमागें अडलेलें पाणी पसरत पसरत संगमापर्यंत येऊन उभें राहिलें. जेथें नदी होती तेथें तलाव झाला. मासे धरणारे आले, थंडींत परदेशी पक्षी आले, त्यांना पाहणारे आले, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेस येणाऱ्यांची दृष्टि देवळावरून निघून पाण्याकडेही वळूं लागली. अशा ठिकाणीं एखाद्या संस्थेनें किंवा हौशी गृहस्थानें चांगली यंत्रनौका विकत घ्यावयाचें मनांत आणलें, तर ती नौका चांगली आहे हें त्यानें ओळखावें कसें, हा प्रश्न आतां समुद्रकांठच्या लोकांपुरता राहिलेला नाहीं.

खानदेशांतील शेतकरी बैल घेतांना फसत नाहीं. तो झूल पाहत नाहीं. दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, वशिंडावर हात ठेवतो, आणि शेवटीं बैल चालवून पाहतो. नौकेच्या परीक्षेंत याहून निराळें असें फार थोडें आहे. अडचण इतकीच कीं बैलाचे दांत कोठें असतात हें सर्वांस ठाऊक असतें. नौकेचे दांत कोठें असतात हें विकणारा सांगत नाहीं.

ज्या नौकेंत माणसें केवळ पैलतीरीं जात नाहींत, तर जींत चार दिवस राहतात, निजतात, स्वयंपाक करतात व किनारा दृष्टीआड करून प्रवास करतात, तिला प्रवासी यंत्रनौका म्हणावें. इंग्रजींतील 'यॉट' हा शब्द आतां मराठींतही रुळला आहे. ही वस्तु म्हणजे एकाच वेळीं घर, गाडी आणि लहानसा कारखाना. यांपैकीं प्रत्येकांत जे दोष संभवतात ते सारे तिच्यांत संभवतात, आणि वर एक भर पडते. घर गळूं लागलें तर अंगणांत जाऊन उभें राहतां येतें. नौकेला अंगण नसतें.

विकत घेणाऱ्याची पहिली चूक आंत शिरतांच होते. गाद्या मऊ असतात, लांकडी कपाटांवर चकाकी असते, दिवे सुंदर असतात, आणि तेवढ्यानें त्याचें मन विरघळतें. हे सर्व पदार्थ उतरवून नवे बसवितां येतात. जें उतरवितां येत नाहीं तें म्हणजे नौकेचें कवच, तिची हाडें आणि या दोहोंचे सांधे. परीक्षा त्यांची करावयाची. त्यासाठीं लागणारीं हत्यारें फार महाग नाहींत: एक चांगली विजेरी, लांब दांड्याचा लहान आरसा, एक हलकी हातोडी, एक आर, आणि अंगावर जुने कपडे. परीक्षा संपल्यावरही परीक्षकाचे कपडे स्वच्छ राहिले असतील, तर त्यानें परीक्षा केली नाहीं असें खुशाल समजावें.

आरंभ कोरड्या जमिनीवर करावा. पाण्यांत तरंगणारी नौका म्हणजे पायमोजे घातलेला बैल. निम्मी बाजू झांकलेली. ती ठोकळ्यांवर उचलून घेतल्यावर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत तिच्या मागें उभें राहावें आणि एका डोळ्यानें तिच्या अंगावरून पुढें पाहावें. चकचकीत पृष्ठभागांत झाडांचीं वा खांबांचीं प्रतिबिंबें पडतात. तीं सरळ असतील तर पृष्ठभाग सम आहे. लाटेसारखीं वांकडीं दिसत असतील तर कांहीं तरी बिघडलें आहे. आजकालच्या बहुतेक नौका फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूंचें कापड राळेंत भिजवून सांच्यांत थरावर थर देऊन केलेल्या असतात. राळ पुरती घट्ट होण्यापूर्वींच कवच सांच्यांतून काढलें, तर तें किंचित् सैलावतें आणि तो सैलपणा जन्मभर दिसतो. घाई करणारा कारखाना येथेंच पकडला जातो. आंतील आडव्या पडद्या कवचाला नीट न टेकतां एकाच रेषेवर रुतत असतील, तर बाहेरून तेथें उंचवट्याची पुसट रेघ उठते. लाटेचा प्रत्येक तडाखा त्या रेघेवर बसतो, आणि पुढें कधीं तरी तडा गेला तर तेथेंच जातो.

वरच्या रंगीत थराला, म्हणजे जेलकोटला, बारीक चिरा असतातच. त्या पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. त्या कशा पसरल्या आहेत तें पाहावें. एखाद्या खुंट्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर त्या खुंट्याखालचा भाग दुबळा असून ताण येतांच लवतो. एकमेकींस समांतर अशा लांब चिरा असतील, तर तेवढा सर्व पट्टा हलतो आहे. वरून नवा रंग देऊन चिरा बुजविल्या असतील, तर तो रंगच अधिक बोलका ठरतो. जुन्या नौकेचा एकच कोपरा नवा कां दिसावा, हें विचारावें.

यानंतर हातोडी. कुंभाराकडून मडकें घेतांना बायका तें बोटानें वाजवून घेतात. खणखणीत वाजलें तर पक्कें; बद्द वाजलें तर कोठें तरी तडा. फायबरच्या नौकेची परीक्षा नेमकी अशीच आहे. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं सगळें अंग वीत वीत अंतरावर वाजवीत जावें. जेथें थर एकजीव आहेत तेथें आवाज टणक व आखूड येतो. जेथें थर सुटले आहेत किंवा आंत पाणी मुरलें आहे तेथें तो बसका होतो. आतां यासाठीं ओलावा मोजण्याचें एक लहानसें यंत्रही मिळतें, परंतु त्याच्यावर फार विसंबूं नये. नुकत्याच पाण्यांतून काढलेल्या नौकेवर तें उगीचच घाबरवितें, आणि आंत धातूचा तुकडा असला तर खोटें बोलतें. अनुभवी कान त्याहून पुष्कळ बरा.

फायबरला पाणी लागत नाहीं हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. पॉलिएस्टर जातीच्या राळेंतून पाणी अत्यंत सावकाश, परंतु निश्चितपणें झिरपतें. थरांमध्यें राळेचे जे कण पुरतेपणीं घट्ट झालेले नसतात, ते त्या पाण्यांत विरघळतात व एक आंबट द्रव तयार होतो. वाळलेलें मनुक पाण्यांत टाकलें असतां जसें फुगतें, तसा हा घट्ट द्रव बाहेरचें पाणी आंत ओढूं लागतो, आणि कवचावर फोड उठतात. असा फोड आरीनें टोंचला तर आंतून शिरक्यासारख्या वासाचें पाणी येतें. कित्येक खरेदीदार असे दोनचार फोड पाहून पळ काढतात. तें बरोबर नाहीं. थोडे व उथळ फोड हा गुडघेदुखीसारखा विकार आहे, प्राणघातक नव्हे. त्यानें किंमत कमी करून घ्यावी, व्यवहार मोडूं नये. परंतु तेच फोड सगळ्या तळावर उठले असतील, तर बांधतांना राळ वाईट वापरली किंवा दमट हवेंत काम केलें हें उघड होतें. मग न दिसणाऱ्या भागांतही तेंच झालें असलें पाहिजे.

याहून मोठा शत्रु वरच्या तक्तपोशींत दडलेला असतो. वजन वांचविण्यासाठीं तक्तपोशी भरीव न करतां फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्यें बाल्सा नांवाच्या अतिशय हलक्या लांकडाचा किंवा फेसासारख्या पदार्थाचा गाभा घालतात. रचना उत्तम आहे; दोन पापुद्रे व मधला गाभा मिळून जड फळीइतकें बळ येतें. परंतु कठडा बसवितांना कोणी त्यांत भोंक पाडून नुसता स्क्रू पिळला, तर त्या भोंकांतून पावसाचें पाणी गाभ्यांत शिरतें व तेथून बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. पांच वर्षांत गाभ्याचा चिखल होतो. चांगला कारागीर भोंकाभोंवतालचा गाभा कोरून काढतो, ती जागा निव्वळ राळेनें भरतो, मग त्या भरीव भागांतून बोल्ट नेतो आणि खालून धातूची रुंद पट्टी देऊन नट आंवळतो. वरून पाहणाऱ्यास दोन्ही कठडे सारखेच दिसतात. खालचें छत किंचित् सैल करून आरशानें पाहिलें, म्हणजे पट्टी आहे कीं नाहीं तें कळतें. बांधणाराची सचोटी नट कोठें आहे यावरून जितकी ओळखतां येते, तितकी त्याच्या जाहिरातीवरून येत नाहीं.

लांकडी नौकांची परीक्षा निराळी. त्या आतां थोड्या राहिल्या असल्या, तरी ज्ञानाचा मूळ झरा तोच आहे. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया कारागिरांनीं मलबारी सागाचें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज बांधलें. तें इंग्लंडमधील हार्टलपूल येथें दोनशें वर्षांनंतरही पाण्यांत तरंगत आहे. सागांत स्वाभाविक तेल असतें, त्यामुळें तो सहसा कुजत नाहीं आणि त्यांत ठोकलेलें लोखंडही लवकर खात नाहीं. उत्तम नौकेस नुसतें मजबूत लांकूड पुरत नाहीं. खानदेशच्या डोंगरांतील अंजनाचें लांकूड साऱ्यांत कणखर, परंतु तें इतकें जड कीं पाण्यांत टाकल्यास बुडतें. लांकडी नौकेंत आर टोंचून पाहावी लागते, आणि ती कोठें टोंचावी याचें उत्तर पुष्कळांस चकित करतें. खाऱ्या पाण्याखालचें लांकूड फारसें कुजत नाहीं, मीठ त्यास राखतें; कुजतें तें पावसाचें गोडें पाणी सांचणारें, म्हणजे खिडक्यांच्या कोपऱ्यांचें, कठड्याच्या बुडाचें आणि वारा न लागणाऱ्या कप्प्यांतलें. तापीसारख्या गोड्या पाण्यांत तर मिठाचें हें संरक्षणही मिळत नाहीं.

आतां हाडांकडे वळावें. नौकेच्या तळाशीं लांबीनें जाणारा कणा, त्यास समांतर अशा उभ्या तुळया आणि आडव्या पडद्या, हा तिचा सांगाडा होय. बाजेची दोरी कितीही घट्ट विणली, तरी गाते-उपळे सैल असतील तर बाज कुरकुरते. तसेंच हें आहे. पडदी कवचास जेथें मिळते तेथें दोन्ही बाजूंनीं फायबरच्या रुंद पट्ट्या चिकटवाव्या लागतात. त्या एकाच बाजूस असतील, किंवा नखानें उचलल्या जात असतील, तर पुढील परीक्षा थांबविली तरी चालेल. ह्या गोष्टी दिवाणखान्यांत दिसत नाहींत. त्या पाहावयाच्या तर खण पुरता बाहेर काढून त्याच्या मागें विजेरी धरावी, नांगराची सांखळी ठेवण्याच्या कोनाड्यांत डोकें घालावें, पायांखालच्या फळ्या उचलाव्या. त्या अंधाऱ्या जागीं काचतंतूंचीं टोकें सुयांसारखीं उघडीं राहिलीं असतील, लांकडाच्या कापलेल्या कडा रंगाशिवाय कोरड्या असतील, भुसा व खिळे तसेच पडले असतील, तर जेथें गिऱ्हाइकाची दृष्टि जात नाहीं तेथें कारखान्याचा हातही गेलेला नाहीं. तसेंच कवच व तक्तपोशी यांचा सांधा. तो सबंध नौकेभोंवतीं फिरतो. नुसत्या लहान स्क्रूंनीं किंवा डिंकासारख्या पदार्थानें जोडलेला असेल, तर धक्क्यावर एकदां जोरानें आपटतांच उसवतो. बोल्ट, चिकट द्रव्य आणि आंतून फायबरची पट्टी असे तिन्ही असले म्हणजे निश्चिंत असावें.

या साऱ्या परीक्षेचें जिवंत उदाहरण पाहावयाचें तर गोव्याकडे पाहावें. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनांत फार दिवस अशी कल्पना होती कीं भारतीय माणसानें भारतांत बांधलेल्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलानें तें काम अंगावर घेतलें, आणि मांडवी नदीतील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही ५६ फूट लांबीची नौका तयार झाली. आराखडा व्हान दे स्टाट या डच रचनाकारांचा, गाभा लांकडी, त्यावर काचतंतूंचें आवरण. ती शिडाची नौका खरी, तिच्यांत एंजिन केवळ मदतीला. परंतु कवच, सांधे, झडपा, वीज यांचे नियम दोहोंस एकच आहेत. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं ज्या कमांडर दिलीप दोंदे यांना ती एकट्यानें हांकावयाची होती, ते तिच्या बांधणीच्या काळांत कारखान्यांत येऊन जाऊन होते. जो सांधा पुढें अडचणींत आणणार, तो उघडा असतांनाच पाहण्याची सोय खरेदी करणाऱ्या फार थोड्यांना मिळते. १९ ऑगस्ट २००९ रोजीं दोंदे मुंबईहून निघाले व चार बंदरें घेऊन १९ मे २०१० रोजीं परतले. पुढें २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून, वाटेंत कोठेंही न थांबतां, पुन्हां प्रदक्षिणा केली. त्याच कारखान्यांत 'तारिणी' झाली, आणि २०१७ ते २०१८ या काळांत नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी तिच्यांतून पृथ्वीभोंवतीं फिरून आल्या. दक्षिण महासागरांत जवळचें बंदर हजारों मैल दूर असतां पडदीवरची पट्टी सुटली तर काय, या विचारानें जी नौका बांधली जाते, ती परीक्षकास फारसें काम ठेवीत नाहीं. सुटीच्या दिवशीं शांत खाडींत फिरण्याकरितां बांधलेलीं नौका मात्र तितक्याच कसोशीनें बांधली असेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

एंजिनाच्या खोलींत शिरल्यावर पहिला प्रश्न एंजिन कोणतें हा नसावा. तेथें माणूस शिरूं शकतो कीं नाहीं हा असावा. तेल मोजण्याची कांडी, इंधनाच्या गाळण्या, थंड पाणी खेंचणाऱ्या पंपाचें रबरी चक्र, यांपर्यंत हात पोहोंचत नसेल तर त्यांची निगा कोणी राखणार नाहीं, आणि निगेशिवाय जगांतील सर्वोत्तम एंजिनही लवकरच भंगार होतें. एंजिन ज्या तुळयांवर बसलें आहे त्या भरीव असून तळाशीं एकजीव असाव्या. एंजिन व पंख्याचा दांडा यांच्या जोडचकत्या किंचितही तिरप्या असतां कामा नयेत. नियम असा कीं चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागें इंचाच्या हजाराव्या भागाहून अधिक फट नसावी. तिरपेपणा असला तर नौका थरथरते, दांड्याचा गळ पडतो, आणि बेअरिंगें झिजतात.

याच खोलींत नौकेच्या तळास पाडलेलीं भोंकें असतात. एंजिनास पाणी हवें, मोरीचें पाणी बाहेर जावयास हवें, म्हणून तीं पाडावींच लागतात. प्रत्येक भोंकावर झडप असते. ती काशाची असावी. साध्या पितळेची असूं नये. पितळेंतील जस्त पाण्यांत हळूहळू विरघळून जातें व मागें तांबूस, सच्छिद्र, चाळणीसारखी काया उरते. बाहेरून सर्व ठीक, आणि एके दिवशीं हातानें फिरवितांच दांडा तुटून हातांत येतो. झडपेवर ज्या रबरी नळ्या चढविल्या असतात, त्यांना पाण्याखालच्या भागांत दोन दोन पट्टे असावे. एवढा आग्रह कां, तें साध्या गणितानें समजेल. पाण्याच्या पृष्ठभागाखालीं ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाची नळी निसटली, तर भोंकाच्या कडेनें प्रवाह आखडतो हें जमेस धरूनही मिनिटाला सुमारें ६० लिटर पाणी आंत येतें. म्हणजे मिनिटास चार घागरी. असें तासभर चाललें तर साडेतीन टनांहून अधिक पाणी. माणसें वर बसून गप्पा मारीत असतां खालीं हें घडूं शकतें; म्हणून पाणी उपसण्याचा पंप आपोआप चालू होणारा असावा, त्याची घंटा सुकाण्याजवळ वाजावी, आणि हातानें चालणारा दुसरा पंप असावाच.

विजेच्या तारांविषयीं थोडक्यांत. तांब्यावर कथील चढविलेल्या तारा असाव्या, प्रत्येकीस खुणेची चिठ्ठी असावी, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असावा. पिवळ्या, काळ्या, तांबड्या तारांचा गुंता एका चिकट पट्टींत गुंडाळलेला दिसला, तर नौका जळण्याची निम्मी तयारी झाली आहे. स्वयंपाकाच्या वायूची टांकी उघड्या हवेंतील स्वतंत्र पेटींत असावी, व त्या पेटीच्या तळाचें भोंक बाहेर पाण्याकडे उघडावें. हा वायु हवेहून जड असल्यानें गळाला तर वर न उडतां नौकेच्या तळांत सांचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. पेट्रोलच्या वाफेचेंही असेंच आहे; म्हणून शक्य तोंवर डिझेलचें एंजिन बरें.

मग नौका पाण्यांत सोडावी. एंजिन थंड असतां सुरू करावयास सांगावें. विकणारानें तें आधींच गरम करून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. काळा धूर निघाला तर एंजिनावर भार अधिक आहे किंवा हवा कमी आहे. निळा निघाला तर तेल जळत आहे. पांढरा टिकून राहिला तर पाणी किंवा न जळलेलें इंधन. पूर्ण वेग दिला असतां एंजिन आपले ठरलेले फेरे घेतें कीं नाहीं तें पाहावें. वेगाविषयीं विकणारे मोठमोठे आंकडे सांगतात. पाणी कापून जाणाऱ्या, म्हणजे पाण्यावर उचलल्या न जाणाऱ्या, नौकेचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीनेंच बांधला गेलेला असतो: लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. ३६ फूट पाणरेषेच्या नौकेचा वेग यावरून ताशीं सुमारें ८ सागरी मैल येतो. त्यापुढें कितीही इंधन ओतलें तरी नौका स्वतःच्याच लाटेच्या चढावर चढत बसते. अशा नौकेस प्रचंड एंजिन बसविलेलें पाहून आनंद मानूं नये. तें वजन आणि तो खर्च कशासाठीं, असें विचारावें.

या चाचणींतील अत्यंत महत्त्वाचा भाग सर्वांत साधा आहे आणि तोच बहुधा टाळला जातो. नौकेंतील सर्व माणसांनीं सावकाश एका बाजूस जावें व ती किती कलते, कशी परत सरळ होते, तें पाहावें. चटकन् व ठामपणें परतणारी नौका स्थिर. रेंगाळत, विचार करीत परतणारी धोक्याची. वर छत, छतावर खुर्च्या, खुर्च्यांवर आणखी छत, असे मजले चढविलेल्या नौका किनाऱ्यावर डौलदार दिसतात, पण वजन वर गेलें म्हणजे तोल गेला. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती कांहीं मोडकी होडी नव्हती. इंग्लंडांत बांधलेली पोलादी आगबोट होती. प्रचंड लाट आली, प्रवासी घाबरून एका अंगास धांवले, आणि तोल सुटला असें सांगतात. कवच अभंग असूनही नौका बुडूं शकते, ही गोष्ट नव्या खरेदीदाराच्या गळीं उतरवणें कठीण जातें.

तलावांतील पाण्यास समुद्राची भीति नाहीं अशी समजूत असणारांनीं उजनी आठवावी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली एक लहान प्रवासी होडी अकस्मात् उठलेल्या वादळी वाऱ्यानें उजनीच्या जलाशयांत उलटली, व सहा जीव गेले. वैशाख-ज्येष्ठांतील असा वारा तापीकांठासही अनोळखी नाहीं. युरोपांत सहलीच्या नौकांचे चार वर्ग ठरविले आहेत. शेवटच्या वर्गांतील नौका वाऱ्याच्या चौथ्या श्रेणीपर्यंत आणि सुमारें हातभर लाटांपुरती. त्यावरची सहाव्या श्रेणीपर्यंत आणि २ मीटर लाटांपर्यंत. तिच्यावरची आठवी श्रेणी व ४ मीटर लाटांपर्यंत. आणि पहिल्या वर्गाची महासागरासाठीं. जुनी परदेशी नौका घेतांना सुकाण्याजवळच्या पाटीवर हें अक्षर शोधावें. अंगानें मोठी दिसणारी नौका पुष्कळदां खालच्या वर्गाची निघते.

कागदपत्रांचें महत्त्व आहेच. १९१७ चा जुना कायदा जाऊन आतां २०२१ चा अंतर्गत जलवाहन कायदा आला आहे. त्याप्रमाणें नद्या व जलाशय यांत चालणाऱ्या यंत्रनौकेस सर्वेक्षणाचा दाखला आणि नोंदणी दोन्ही लागतात. परंतु दाखला म्हणजे अमुक दिवशीं अमुक गोष्टी पुरेशा होत्या एवढेंच. बोल्टच्या मागें पट्टी होती कीं नाहीं, हें त्यावर लिहिलेलें नसतें. म्हणून खरेदीपूर्वीं विकणाराशीं कांहींही संबंध नसलेला परीक्षक आपल्या खर्चानें नेमावा. त्याचा अहवाल तीन भागांत मागावा: आजच दुरुस्त केल्याशिवाय पाण्यांत न्यावयाचें नाहीं असे दोष, वर्षाच्या आंत काढावयाचे दोष, आणि नुसते डोळ्यांस खुपणारे दोष. विकणारा बहुधा तिसऱ्या भागाविषयीं फार बोलतो व त्यांतच किंमत उतरवून देतो. किंमत पहिल्या भागावरून ठरवावी.

राहतां राहिला काळ. कोंकणांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, तळ उघडे असतात. नौका पाहावयास याहून चांगले दिवस नाहींत, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास सारे घाईंत असतात तेव्हां याहून वाईट नाहींत. हतनूरच्या पाण्यावर हिशेब उलटा आहे. पावसाळ्यांत दरवाजे उघडतात, प्रवाह जोराचा असतो, तेव्हां नौका न हलविलेली बरी. चैत्र-वैशाखांत पाणी ओसरून कांठ मोकळा होतो. त्या वेळीं ती ओंडक्यांवर घेऊन आठ दिवस उन्हांत वाळूं द्यावी आणि मग हातोडी हातीं घ्यावी. ओल्या अंगावर मडक्याचा खरा आवाज ऐकूं येत नाहीं.